वाचकांचे प्रश्न: हातात फिल्मच दिली, मग डिजिटल एक्सरे कुठला?

प्रश्न: आईचे गुडघे दुखतात म्हणून डॉक्टरांनी एक्सरे सांगितला आणि बजावलं की डिजिटलच काढून आणा. काढला, पण हातात परत तीच काळी फिल्म! मग यात डिजिटल काय? आणि डिजिटलमध्ये रेडिएशन कमी असतं म्हणतात ते खरं का? आईचे याआधी बरेच एक्सरे झालेत, म्हणून धास्ती वाटते.

उत्तर: फिल्म बघून फसू नका, ती नुसती प्रिंट आहे. फोटो मोबाइलवर काढून कागदावर छापून घेतो ना, तसंच. एक्सरे किरण दोन्हीकडे तेच, ट्यूबही तीच, १८९५ मध्ये राँटजेनला सापडले तेच हे किरण. फरक आहे तो शरीरातून आरपार आलेले किरण कशावर पकडायचे त्यात.

जुन्या पद्धतीत कॅसेटमध्ये खरीखुरी फिल्म असायची, मग ती डार्करूममध्ये न्यायची, डेव्हलपरमध्ये बुडवायची, फिक्सरमध्ये टाकायची, धुवायची, वाळवायची, आणि एवढं सगळं करून बघावं तर पेशंट हललेला, की चला पुन्हा टेबलावर. डिजिटलमध्ये दोन प्रकार आहेत. एकात, ज्याला सीआर म्हणतात, कॅसेट असतेच पण आत फिल्मऐवजी फॉस्फरची प्लेट असते, ती मशीनमध्ये घातली की लेझर तिच्यावरून फिरतो आणि चित्र कॉम्प्युटरवर येतं, प्लेट पुसून परत वापरायची. दुसरा डीआर, त्यात पॅनेलच किरण पकडतं आणि काही सेकंदात चित्र समोर. तुमच्या आईला थोडं थांबवून टेक्निशियन कॅसेट घेऊन आत गेला असेल तर सीआर, जागेवरच "झालं, उतरा" म्हणाला असेल तर बहुतेक डीआर.

आता रेडिएशन. डिजिटल आहे म्हणून डोस आपोआप कमी होतो असं अजिबात नाही हं. कमी करता येतो, हे खरं, खास करून चांगल्या डीआर पॅनेलवर. पण गंमत बघा, जुनी फिल्म चुगलखोर होती. किरण जास्त झाले की फिल्म काळीकुट्ट, कमी झाले की पांढरीफटक, टेक्निशियनची चूक लगेच सगळ्यांना दिसायची. डिजिटलमध्ये कॉम्प्युटर सगळं सावरून घेतो, किरण गरजेपेक्षा जास्त दिले तरी चित्र छानच दिसतं, उलट जास्तच स्वच्छ दिसतं, आणि कमी दिले तर दाणेदार येतं म्हणून डॉक्टर कुरकुरतात. मग हात हळूहळू जास्तीकडेच सरकतो. चांगल्या सेंटरमध्ये यावर लक्ष ठेवतात, मशीन प्रत्येक एक्सरेला आकडा दाखवतं की एक्स्पोजर कमी झालं की जास्त. डिजिटलचा खरा फायदा म्हणाल तर किरण थोडे कमीजास्त झाले तरी एक्सरे वाया जात नाही, पुन्हा काढायची वेळ कमी येते, आणि न काढलेल्या एक्सरेचा डोस शून्य.

आईची धास्ती मात्र सोडा. छातीचे समोरून आणि बाजूने असे दोन एक्सरे मिळून साधारण ०.१ मिलिसिव्हर्ट (हे रेडिएशनचा डोस मोजायचं माप) होतात, आणि जमीन, हवा, अवकाश यांतून आपल्याला वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट तसेही मिळतच असतात, म्हणजे पंधराएक दिवसांचा हिशोब झाला. गुडघ्याचा तर त्याहून कितीतरी कमी. किरण अंगात साठूनही राहत नाहीत, बटण सोडलं की संपलं.

प्रश्न: मुलाच्या मनगटाचा एक्सरे खिडकीसमोर धरून फोटो काढला आणि दुसऱ्या डॉक्टरांना व्हॉट्सअॅपवर पाठवला, तर ते म्हणाले मूळ फाइल पाठवा. चिडलो मी. फोटोत हाड दिसतंय की!

उत्तर: दिसतंय, पण बारीक तडा दिसेलच असं नाही. मूळ फाइलमध्ये, डायकॉम म्हणतात तिला, करड्या रंगाच्या हजारो छटा असतात, बहुतेकदा ४०९६ किंवा त्याहूनही जास्त. मोबाइलच्या फोटोत उरतात २५६, वर व्हॉट्सअॅप ते दाबून लहान करतं, खिडकीची चकाकी वेगळीच. मूळ फाइल असली की डॉक्टर उजेड वर-खाली करून हाड वेगळं, भोवतीची सूज वेगळी बघू शकतात. म्हणून डॉक्टरांवर नका चिडू, सेंटरकडून सीडी किंवा लिंक मागून घ्या, आणि मागच्या वेळचा एक्सरे असेल तर तोही जोडा. जुना जुन्या पद्धतीचा असला तरी फेकू नका, बारीक रेघेच्या बाबतीत चांगली फिल्म डिजिटलला मागे टाकू शकते. बरेचदा आजच्या एक्सरेपेक्षा "हे दोन वर्षांपूर्वीही होतं का" हे जास्त महत्त्वाचं असतं.

प्रश्न: डिजिटल एक्सरे नॉर्मल आला, तरी एमआरआय सांगितला. डिजिटलमध्ये सगळं दिसत नाही का?

उत्तर: नाही. डिजिटल झाला तरी एक्सरे म्हणजे सावलीच. लिगामेंट म्हणजे हाडांना जोडणारे पट्टे, गुडघ्यातली गादी, नस यांची सावली धड पडत नाही, तिथे पॅनेल कितीही भारी असून उपयोग नाही.

आणि पहिल्या पत्रातल्या ताई, दादा जे कोणी असाल, गुडघ्याच्या झिजेसाठी डिजिटल की साधा यापेक्षा एक्सरे उभं राहून काढलाय की झोपवून, हे आधी बघा. झोपल्यावर गुडघ्यावर वजन येत नाही, मग झिजलेल्या सांध्यातली फट रुंद, चांगली दिसते, आणि रिपोर्ट उगाच गोड येतो. आईला उभं राहता येत असेल तर डॉक्टरांना विचारून तसा लिहून घ्या.