डिस्चार्जच्या वेळी शिकवणे कोणाला, हा खरा प्रश्न आहे

तुमच्या वडिलांना पक्षाघातानंतर गिळता येत नाही, नाकातून पोटात नळी घातलेली आहे, लवकरच घरी सोडणार आहेत, आणि नळीतून भरवण्याची वेळ झाली की तुम्हाला व तुमच्या आईला पडद्याबाहेर थांबायला सांगतात, असे तुम्ही लिहिले आहे. ‘घरी जाताना सगळे सांगू’ हेच उत्तर माझ्या आईच्या आजारपणात आम्हालाही मिळाले होते, म्हणून सविस्तर लिहिते. मी डॉक्टर किंवा परिचारिका नाही. नळी, औषधे आणि आहाराचे प्रमाण यांबाबत तुमच्या डॉक्टरांचाच शब्द अंतिम माना. स्वच्छता, कूस बदलणे, औषधांच्या वेळा हे तुम्ही सांभाळत असालच.

त्या रुग्णालयाचे नाव घेत नाही. तिथल्या परिचारिका कामात चोख होत्या, पण नातेवाईक म्हणजे भेटीच्या वेळेत येणारी माणसे, अशी तिथल्या व्यवस्थेची पक्की समजूत होती. डिस्चार्जच्या दिवशी माझा भाऊ बिलाचे कागद घेऊन वॉर्डात आला, तेव्हा समोर सापडला म्हणून त्यालाच सगळे भराभर सांगण्यात आले, ‘समजले ना?’ असे विचारून त्याची सही घेतली आणि शिकवणे संपले. रात्रंदिवस आईजवळ राहणार होते मी, आणि घरी हे कोण करणार, एवढा एक प्रश्नसुद्धा कोणी विचारला नाही.

भावाने सांगितल्याप्रमाणे आईला नळीतून भरवताना मी पलंगाची डोक्याकडची बाजू वर केली होती. पण आई गादीवरून पायांकडे घसरलेली असल्यामुळे वर उचलली जात होती ती फक्त मान, आणि धड जवळजवळ आडवेच राहत होते. शिवाय पातळ आहार सिरिंजच्या दट्ट्याने ढकलायचा नसतो, हे त्या भराभर सांगण्यात आलेच नव्हते. ठसके लागू लागले, आहार श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया झाला आणि आईला पुन्हा दाखल करावे लागले. या वेळी दुसऱ्या वॉर्डातील एका ज्येष्ठ सिस्टरने मला पडद्याच्या आत घेतले. दोघांनी चादरीला धरून रुग्णाला वर सरकवायचे, कंबर पलंगाच्या वाकणाऱ्या जागी येऊ द्यायची, मग डोक्याकडची बाजू ३० ते ४५ अंश उचलायची; दट्ट्या काढून आहार आपल्या वजनाने उतरू द्यायचा, नंतर पाणी घालून नळी स्वच्छ करायची आणि पुढचा अर्धा ते एक तास रुग्णाला आडवे करायचे नाही. नाकपुडीशी नळीवर केलेली खूण जागची हलली असेल, तर काहीही न घालता आधी फोन करायचा. खूण जागेवर असली तरी तेवढ्यावरून नळी पोटातच आहे असे ठरत नाही, म्हणून ती तपासण्याची तुमच्याकडची पद्धत नक्की विचारून घ्या.

माझे मत काहींना टोकाचे वाटेल: जी व्यक्ती घरी रात्री जवळ राहणार आहे, तिने परिचारिकेच्या देखत स्वतःच्या हाताने किमान दिवसभराचे भरवणे केल्याशिवाय डिस्चार्जला होकार देऊ नये. ‘समजले का?’ या प्रश्नाला घाबरलेला माणूस हो म्हणणारच. ‘मी करून दाखवते, चुकले तर थांबवा’ असे तुम्हीच म्हणा. नियमाचे कारण सांगून नकार मिळाला, तर वॉर्डाच्या प्रमुख परिचारिकेकडे लेखी विनंती करा. परिचारिकांना वेळ नसतो ही अडचण खोटी नाही, परंतु लॉरेन राइट आणि मॉरीन लेही या कॅनडातील कुटुंब-परिचर्येच्या अभ्यासकांनी १९९९ मध्येच दाखवून दिले होते की कुटुंबाशी नेमका संवाद १५ मिनिटांत, किंवा त्याहूनही कमी वेळात, होऊ शकतो. कुटुंबात कोण कोण आहे हे समजून घेणे आणि घरात सर्वांत जास्त त्रास कोणाला होत आहे हे विचारणे, हे त्याच संवादाचे भाग आहेत. आम्हाला त्यातले काहीही मिळाले नाही, याचा राग अजून गेलेला नाही.

घरात सर्वांत जास्त त्रास कोणाला, या प्रश्नाचे उत्तर तुमच्या बाबतीत बहुधा ‘आई’ असेल. वयस्कर जोडीदारांवर झालेल्या आणि १९९९ मध्येच प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात, शुश्रूषेचा ताण जाणवणाऱ्यांमधील ४ वर्षांतील मृत्यूचा धोका शुश्रूषा करावी न लागणाऱ्यांपेक्षा ६३ टक्के अधिक आढळला होता. हे घाबरवण्यासाठी सांगत नाही. पण रात्रीची पाळी एकट्या आईवर पडणार असेल, तर तो बेत आत्ताच बदला, आणि निदान दोघांनी तरी भरवणे शिकून घ्या.

जाता जाता दोन गोष्टी. प्रत्येक गोळी कुटून नळीतून देता येते असे नाही, विशेषतः हळूहळू विरघळणाऱ्या गोळ्या कुटू नयेत, म्हणून संपूर्ण यादी औषधतज्ज्ञाला दाखवा. आणि गिळण्याची पुढची तपासणी कधी व कोण करणार, हे डिस्चार्जच्या कागदावर तारखेसह लिहून घ्या; पक्षाघातानंतर पुष्कळ रुग्णांचे गिळणे काही आठवड्यांत सुधारते, आणि तारीख ठरलेली नसली की नळी गरजेपेक्षा जास्त दिवस तशीच राहून जाते.