‘फाउंड फुटेज’ला मराठीत काय म्हणावं?

नाशिकच्या एका कॉलेजविद्यार्थिनीचा प्रश्न आला आहे. ती आणि तिचे मित्र जुन्या नाशकातल्या एका पडक्या वाड्यात थोडक्या पैशांत भयपट काढताहेत. ओसाड जागा दाखवणारा एक यूट्यूबर रात्री वाड्यात शिरतो, लाइव्ह जातो आणि सकाळी फक्त त्याचा मोबाइल सापडतो. नाहीशा झालेल्या माणसाने केलेलं चित्रण मागाहून सापडलं, असं भासवणाऱ्या या ‘फाउंड फुटेज’ प्रकाराला ‘प्राप्त चित्रीकरण’ म्हटलं तर चालेल का, आणि अशा ओसाड जागा पालथ्या घालणाऱ्या ‘एक्स्प्लोरर’ला काय म्हणावं, असं तिने विचारलं आहे.

‘प्राप्त चित्रीकरण’ नको. चित्रीकरण ही क्रिया झाली; गोदाघाटावर चित्रीकरण चालू असतं. कॅमेऱ्यात जे उरतं ते चित्रण. आणि ‘प्राप्त’ म्हटलं की डोळ्यांपुढे आवक-जावक नोंदवही येते.

खरी गंमत ‘फाउंड’मध्ये आहे, कारण त्या एका शब्दाला मराठीत चार-पाच क्रियापदं आहेत आणि प्रत्येकाचा स्वभाव वेगळा. मिळतं ते कुणीतरी दिलेलं किंवा हक्काचं: पगार, बक्षीस, सुट्टी. गवसतो तो सूर. त्यात आधीची तगमग आणि नंतरचं समाधान असतं, म्हणून भयपटाला तो शब्द शोभणार नाही. आढळतो तो बातमीतला मृतदेह. पोलिसांच्या ‘हाती लागतं’ ते सीसीटीव्ही फुटेज. उरतं ते ‘सापडणं’, आणि तुमचा शब्द तोच.

रामकुंडावर दोरीला लोहचुंबक बांधून पाण्यातली नाणी काढणारी पोरं पाहिली असतील. काठावरून कुणीतरी विचारतंच, “काय सापडलं रे?” आता त्याच पोराचं बोट वाड्याच्या दिंडी दरवाजात चेमटलं तर आई काय म्हणेल? “दारात बोट सापडलं!” नाणंही सापडलं, बोटही सापडलं. चोर सापडतो, माणूस संकटात सापडतो, तावडीत सापडतो, नाव भोवऱ्यात सापडते. हातातून गेलेली वस्तू परत येणं आणि सुटता न येणं, ही दोन्ही टोकं मराठीने एकाच क्रियापदात धरून ठेवली आहेत. माझ्या मते या चित्रपटप्रकाराचं सगळं मर्म त्यातच आहे: चित्रण आपल्याला सापडतं, कारण ते करणारा कशाच्या तरी तावडीत सापडला.

याचा आणखी एक फायदा आहे. १९९९ सालच्या ‘द ब्लेअर विच प्रोजेक्ट’मध्ये तीन विद्यार्थी जंगलात नाहीसे होतात आणि वर्षभराने त्यांचं चित्रण हाती येतं. तिथे ‘फाउंड’ शब्दशः खरं आहे. पण २०१८ सालच्या ‘गोन्जियम: हॉन्टेड असायलम’ या कोरियन चित्रपटात मंडळी बंद पडलेल्या मनोरुग्णालयातून थेट प्रक्षेपण करतात. जे सगळे त्याच क्षणी पाहताहेत ते नंतर कुणाला काय सापडणार? इंग्रजी नाव इथे तोकडं पडतं. मराठी ‘सापडलेलं’ मात्र पडत नाही, कारण माणूस तर सापडलेलाच आहे! तुमचा नायकही लाइव्ह जाणार आहे, तेव्हा हा मुद्दा तुमच्या कामाचा.

‘फुटेज’ हा शब्द मुळात फुटांवरून आला. फिल्म फुटांत मोजत. ३५ मिलिमीटरच्या फिल्मच्या एका फुटात १६ चौकटी (फ्रेम), म्हणजे हजार फुटांचं रीळ बोलपटाच्या वेगाने सुमारे ११ मिनिटांत संपे. आपल्या त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांचा १९१३ सालचा ‘राजा हरिश्चंद्र’ सुमारे ३,७०० फुटांचा होता. मोबाइलमध्ये ना फूट ना फीत. तरी वर्तमानपत्रांत ‘चित्रफीत’ टिकून आहे आणि बोलण्यात फुटेज. शिवाय फुटेज आपण खातोही: “तो फार फुटेज खातो.” मराठीत इतका मुरलेला शब्द संवादांतून काढू नका. प्रकाराचं नाव म्हणून मी ‘सापडलेलं चित्रण’ सुचवीन.

‘एक्स्प्लोरर’चं उत्तर थोडक्यात. संशोधक म्हटलं की प्रबंध आठवतो, अन्वेषक म्हटलं की सीबीआय. भटक्या जवळचा आहे, पण त्याच्या पाठीवर सॅक आणि पुढे गड असतो. माजघरातला कोनाडा न् कोनाडा तपासणारा तो नव्हे. त्यासाठी ‘धुंडाळणे’ हे क्रियापद घ्या: पडके वाडे धुंडाळणारा. स्वतः तो मात्र कॅमेऱ्यापुढे “आज आपण हा वाडा एक्स्प्लोर करणार आहोत” असंच म्हणेल, त्याला तसंच बोलू द्या.

आणि चित्रपटाचं नाव अजून ठरलं नसेल तर एक पाहा. लेखी मराठीत ‘सापडलेले’ हे एका चित्रणालाही लागतं आणि अनेक माणसांनाही. नाहीशा झालेल्या यूट्यूबरला शोधायला दुसऱ्या रात्री मित्र वाड्यात शिरणार असतील, तर तेवढा एकच शब्द पोस्टरवर पुरेल.