सूर-शंका : म्याव म्हणायचं, पण कुठल्या पट्टीत?

प्रश्न : शाळेच्या स्नेहसंमेलनात नववीच्या दोघी मुली 'मांजरांचं द्वंद्वगीत' म्हणणार आहेत. ते इटालियन संगीतकार रॉसिनीचं आहे ना? सगळ्या गाण्यात शब्द एकच, 'म्याव'. बसवायचं कसं? (संगीत शिक्षिका, सातारा)

उत्तर : कार्यक्रमपत्रिकेवर नुसतं 'रॉसिनी' छापू नका. १८२५ साली हे गाणं 'जी. बर्थोल्ड' या नावानं प्रसिद्ध झालं. ते टोपणनाव रॉबर्ट ल्यूकस पिअर्सॉल या इंग्रज संगीतकाराचं असल्याचं मानतात. सुरुवातीचा संथ भाग वेस या डॅनिश संगीतकाराच्या मांजरगाण्यातून घेतलेला आहे, तर पुढचा बराच भाग रॉसिनीच्या 'ओटेल्लो' (१८१६) या ऑपेरातून उचललेला. माल बराचसा रॉसिनीचा, शिवणकाम दुसऱ्याचं. 'रॉसिनीच्या सुरावटींवर आधारित' असं छापलंत तर चूक होणार नाही.

आता बसवण्याबद्दल. पहिले काही दिवस 'म्याव' हा शब्दच काढून टाका. दोघींकडून सगळं गाणं नुसत्या 'आ'कारात, स्वर पक्के होईपर्यंत म्हणून घ्या. मग 'म्याव'चे तुकडे पाडा. 'म'ला ओठ मिटलेले, पण दात सुटे हवेत. 'या' झटकन उघडायचा, लांब स्वर सगळाच्या सगळा 'आ'वर धरायचा आणि 'व'ला ओठ अगदी शेवटी, स्वर सोडताना गोल करायचे. मुली नेमकं उलटं करतात. खऱ्या मांजरासारखं वाटावं म्हणून 'मीऽऽ' लांबवतात. त्यानं जीभ वर चढते, गळा आवळतो, आवाज नाकात जातो आणि वरचे स्वर उतरतात. नाकातला 'म्याव' गंमत म्हणून एखाद-दोनदाच, तोही खालच्या पट्टीत चालेल.

दुसरी गडबड अभिनयाची. कान, मिशा, शेपटी असा सगळा थाट पहिल्या मिनिटातच दाखवला की पुढे दाखवायला काही उरत नाही. आमच्या मते वेशभूषा नकोच. दोघींनी गंभीर मैफलीला उभं राहावं तसं उभं राहावं, हातात स्वरलिपीची वही असावी, आणि भांडण फक्त नजरेत आणि आवाजाच्या चढउतारात दिसावं. एकीनं मोठ्यानं म्हटलं की दुसरीनं मुद्दाम हळू उत्तर द्यायचं. संथ भागात प्रेक्षक हसले तर थांबू नका. साथ करणारा पियानोवाला थांबला की पुढच्या जलद भागाची लय बसत नाही. माइक स्टँडवरच ठेवा. हातात दिलेत तर जोरात 'म्याव' करताना मुली ते तोंडाशी आणतात आणि स्पीकरमधून आवाज फाटतो.

प्रश्न : 'कॅट्स' या संगीतिकेतलं 'मेमरी' मी हार्मोनियमवर बसवतेय. सुरुवात जमते, पण मधेच पट्टी बदलते आणि ठेकाही सुटतो. (पुणे)

उत्तर : दोष तुमचा नाही, गाण्याची घडणच तशी आहे. अँड्र्यू लॉइड वेबरनं ते काळी पाचमध्ये सुरू केलं, पुढे ते काळी तीनमध्ये जातं आणि शेवटचा चढता भाग काळी एकमध्ये येतो. म्हणजे तिन्ही वेळा 'सा' काळ्या पट्टीवर. स्केल-चेंजर (पट्ट्या सरकवून सूर बदलता येणारी) पेटी असेल तर अर्धा स्वर खाली घ्या, बोटं मूळ जागीच राहतील. साधी पेटी असेल तर सगळंच अर्धा स्वर खाली बसवा : पांढरी सहा, मग पांढरी चार, शेवटी पांढरी एक. बोटांना सोपं जातं आणि गाणाऱ्या बाईंचा शेवटचा वरचा स्वरही थोडा आवाक्यात येतो. पट्टी ठरवताना आधी शेवट म्हणून बघा. सुरुवातीच्या सोयीनं पट्टी घेतली की शेवटी फसगत ठरलेली.

ठेका बारा मात्रांचा, तीन-तीनच्या चार गटांत, त्यामुळे दादऱ्याची सवय असलेल्याला तो ओळखीचा वाटतो. पण मधेच दहा मात्रांचं आवर्तन येतं, म्हणजे दोन मात्रा गायब. कीबोर्डवरचा तयार ऱ्हिदम लावलात तर तिथेच घसराल. तो बंद ठेवा आणि मात्रा बोटांवर मोजा.

'कॅट्स' ज्यावर बेतलंय त्या कवी टी. एस. एलियटच्या १९३९च्या मांजर-कवितांच्या पुस्तकातलं हे गाणं मात्र नाही. त्याचे शब्द दिग्दर्शक ट्रेव्हर नन यांनी एलियटच्या दुसऱ्याच, मांजरांवर नसलेल्या कवितांच्या आधारानं लिहिले. लंडनच्या पहिल्या प्रयोगात (१९८१) ते एलेन पेजनं गायलं. भूमिका आधी ज्युडी डेंचकडे होती, पण तालमीत तिला पायाची दुखापत झाली.

प्रश्न : इटालियन संगीतकार स्कार्लात्तीच्या 'कॅट फ्यूग'ची सुरावट खरंच मांजर पट्ट्यांवरून चालल्यामुळे सुचली का? (पियानोचा विद्यार्थी, ठाणे)

उत्तर : गोष्ट लोकप्रिय आहे, पण तिला पुरावा नाही. फ्यूग म्हणजे एकच सुरावट वेगवेगळ्या आवाजांत पाळीपाळीनं येते अशी रचना. ही १७३८च्या सुमारास छापली गेली. तिला मांजराचं नाव स्कार्लात्तीनं दिलेलं नाही, ते एकोणिसाव्या शतकात चिकटलं. वाजवून बघा : जी, बी फ्लॅट, ई फ्लॅट, एफ शार्प, पुन्हा वरचा बी फ्लॅट, सी शार्प. जीला सा धरलं तर सा, कोमल ग, कोमल ध, शुद्ध नी आणि तारसप्तकातले कोमल ग, तीव्र म. खरं मांजर शेजारशेजारच्या पट्ट्या एकदम दाबत जातं, अशा सुट्या उड्या नेमक्या मारत नाही. (कर्नाटक संगीत ऐकणाऱ्यांना इथे सिंहेंद्रमध्यम हा राग आठवेल. स्वर तेच, फक्त रिषभ आणि पंचम या चढणीत नाहीत.)

सरावात विद्यार्थी पहिले सहा स्वर जोर देऊन ठोकतात आणि पुढे हेच स्वर दुसऱ्या आवाजात आले की त्यांना ते ऐकूच येत नाहीत. आधी प्रत्येक आवाज वेगळा वाजवा, मग दोन-दोन आवाज एकत्र. सुरावट जिथे जिथे परतते तिथे पेन्सिलीनं खूण करा. पेडल जवळजवळ नकोच, एकमेकांजवळचे स्वर त्यानं लगेच गढूळ होतात.

प्रश्न : मांजरांवरच्या रॉक-पॉप गाण्यांची यादी करतोय. कुठली घ्यावी? (नाशिक)

उत्तर : नावात 'कॅट' दिसलं म्हणून घेऊ नका. हॅरी चेपिनचं 'कॅट्स इन द क्रेडल' (१९७४) बाप-लेकाचं गाणं आहे. अल स्टुअर्टच्या 'इयर ऑफ द कॅट'मधलं (१९७६) मांजर व्हिएतनामी राशिचक्रातलं आहे, तिथे चिनी सशाच्या जागी मांजर असतं. आपल्याकडचं 'दिल्ली का ठग'मधलं (१९५८) किशोर-आशाचं 'सी ए टी कॅट'ही मांजराचं गाणं नाही, प्रेमातली इंग्रजीची शिकवणी आहे.

खरी मांजरं हवीत तर पिंक फ्लॉइडचं 'लुसिफर सॅम' (१९६७) घ्या, ते बँडच्याच सिड बॅरेटच्या सयामी मांजरावर आहे. आणि क्वीनचं 'डिलायला' (१९९१). पाचगणीच्या शाळेत शिकलेल्या फ्रेडी मर्क्युरीनं ते आपल्या लाडक्या मांजरीसाठी लिहिलं. त्यातला 'म्याव' ब्रायन मेच्या गिटारचा आहे. गिटारचा आवाज नळीतून तोंडात सोडायचा, ओठांनी त्याला आकार द्यायचा आणि तो माइकनं टिपायचा.

गिटार वाजवत असाल तर स्ट्रे कॅट्सचं 'स्ट्रे कॅट स्ट्रट' (१९८१) बसवा. सी मायनर, बी फ्लॅट, ए फ्लॅट, जी सेव्हन. बार कॉर्ड जाड तारेवर आठव्या, सहाव्या, चौथ्या आणि तिसऱ्या फ्रेटवर. उतरती चाल हाताला लगेच बसते. फसते ती लय. अर्ध्या मात्रेच्या स्वरांच्या जोड्या सारख्या लांबीच्या वाजवल्या तर गाणं लष्करी वाटतं. जोडीतला पहिला लांब, दुसरा आखूड हवा.

प्रश्न : व्हायोलिनवर मांजराचा आवाज काढायचाय. (कोल्हापूर)

उत्तर : युक्ती जुनी आहे. कार्लो फारिना या इटालियन व्हायोलिनवादकानं १६२७ मध्येच ती लिहून ठेवली : बोट तारेवर ठेवून हळूहळू खाली घसरत आणायचं. अमेरिकन संगीतकार लेरॉय अँडरसनच्या 'वॉल्टझिंग कॅट'मध्येही (१९५०) असंच घसरणं आहे. तुम्हाला मींड येत असेल तर निम्मं काम झालं, फक्त मुक्कामाचा स्वर स्पष्ट लावायची सवय इथे सोडावी लागेल. एकच बोट आणि एकच गज घ्या. सुरुवातीला गज सावकाश, मधे जरा दाब, शेवटी दाब काढून घ्या. बोटाचा दाब जास्त झाला तर म्याव न येता मोटारीचा हॉर्न येतो. मांजरं भांडून पळाली हे दाखवायचं असेल तर फारिनाचाच उपाय : गज ब्रिजच्या (तारांखालच्या घोडीच्या) कधी पुढे, कधी मागे, जमेल तितक्या जलद फरफटवायचा.