सातव्या पानापासून नवव्या पानापर्यंत

प्रिय मित्रा,

अनेक आशीर्वाद.

तुझी कथा मागच्या आठवड्यात पोहोचली. ती मी दोनदा वाचली. एकदा रात्री, कथा म्हणून, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, ग्रामीण रुग्णालयाच्या प्रसूतिकक्षात ३१ वर्षे नोकरी केलेली परिचारिका म्हणून. रात्री ती आवडली होती. सकाळी मात्र मी सातव्या पानावर अडले, आणि हे पत्र सातव्या पानापासून नवव्या पानापर्यंतच्या मजकुरापुरतेच आहे.

सोबतच्या चिठ्ठीत तू विचारले आहेस की पुरुषाने, तोही अविवाहित, बाळंतपणावर लिहावे का. आणि 'वांझेला काय कळणार प्रसूतीच्या वेदना' ही म्हण आपणहून स्वतःला लावून घेतली आहेस. ही म्हण मला नोकरीभर ऐकवली गेली, कारण मी लग्न केले नाही आणि मला मूल नाही. तरीही माझ्या हातावर जन्मलेली मुले काही हजार असतील. म्हण क्रूर तर आहेच, शिवाय ती चुकीचीही आहे. बाळंतपण कळण्यासाठी स्वतः बाळंत व्हावे लागत नाही, पण बाळंत होणाऱ्या बाईजवळ पुष्कळ वेळ बसावे लागते. तुझ्या कथेत तू तिच्याजवळ बसलेला नाहीस, तिच्या नवऱ्याबरोबर व्हरांड्यात येरझाऱ्या घालतो आहेस.

पाहा ना. सातव्या पानावर सुनेला आत नेतात, दार लागते, वरचा लाल दिवा पेटतो (आमच्याकडे असा दिवा कधीच नव्हता, दाराला एक हिरवा पडदा होता आणि त्याच्या दोन कड्या निसटलेल्या होत्या), सासू देवाचा धावा करते, नवरा भिंतीला टेकून आईवडिलांशी झालेले भांडण आठवत राहतो, आणि नवव्या पानावर बाळाचा टाहो ऐकू येतो. या तीन पानांत जिला मूल होते आहे ती बाई कुठेच नाही. तिला नावसुद्धा नाही, अथपासून इतिपर्यंत ती 'सून'च आहे. मालिका आणि चित्रपट यांनी आपल्याला ही सवय लावली आहे की बाळंतपण म्हणजे बाहेर थांबलेल्यांच्या मनात काय चालले आहे ते दाखवण्याची सोय. माझी मुख्य तक्रार एवढीच आहे, बाकीच्या सगळ्या तिच्याच पोटातून निघतात.

पडद्याच्या आत सर्वांत जास्त काय असते, तर वेळ. पहिलटकरणीला आदल्या रात्रीपासून बारीक कळा येत असतात, त्या थांबतात, पुन्हा येतात, कंबर भरून येते आणि घरातल्या जाणत्या बायका 'अजून अवकाश आहे' म्हणून तिला जेवायला बसवतात. गर्भाशयाचे तोंड ५ सेंटिमीटर उघडेपर्यंतचा काळ किती लांबेल याचा नेम नसतो, आणि त्यानंतरचा जोराच्या कळांचा टप्पाही पहिल्या खेपेला १२ तासांपर्यंत चालू शकतो, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात. तुझ्या सुनेची पाणमोट मेथी निवडताना फुटते आणि पाऊण तासात सगळे आटोपते. दिवस भरलेल्या दहा बायकांमध्ये आधी पाणी जाऊन मग कळा सुरू होणे जेमतेम एकीच्या वाट्याला येते, बाकीच्यांचे पाणी कळांच्या ओघातच, कधी तर अगदी शेवटी जाते.

आणि एवढ्या वेळात बाई सतत किंचाळत नाही. ती चालते, चहा मागते, ओकते, लघवीला जाऊन येते, दोन कळांच्या मधल्या दोन मिनिटांत चक्क डुलकी काढते. एका पहाटे दुसऱ्या खेपेची एक बाई खाटेची दांडी धरून उभी होती. कळ आली की डोळे मिटून दांडी आवळायची आणि ओसरली की मला विचारायची, "सिस्टर, किती वाजलं?" चौथ्यांदा विचारल्यावर मी जरा चिडूनच म्हटले की घड्याळाकडे बघून मूल लवकर येत नाही. ती म्हणाली, "तसं न्हवं वो, म्हशीची धार काढायची येळ टळून चालली." सव्वासहाला ती मोकळी झाली. दुपारी नवरा डबा घेऊन आला तेव्हा तिने पहिल्यांदा म्हशीचे विचारले. शेजारीण धार काढायला बसली होती आणि म्हशीने लाथ मारून चरवी उलथवली होती. ती हकीकत ऐकताना टाके घातलेली ती बाई एकीकडे हसत होती आणि एकीकडे 'आई गं' म्हणत होती. तुझ्या तीन पानांत मला असे एक तरी वाक्य हवे होते.

शब्दांचेही तसेच. तू 'प्रसूतिवेदनांनी व्याकूळ' असे लिहितोस. आपल्या बायकांनी या कामासाठी किती नेमके शब्द करून ठेवले आहेत: कळ येते, बाई अडते, वार पडते, बाई मोकळी होते, सुटका होते. 'अडली' म्हटले की खोलीतल्या प्रत्येकाच्या हालचाली बदलतात. हे शब्द वापरलेस तर निम्मी विशेषणे आपोआप गळून पडतील.

किरकोळ चुका भराभर सांगते. नाडी धरून कोणीही वैद्य गोड बातमी देऊ शकत नाही. गळ्याभोवती नाळ घेऊन येणारी मुले साधारण चार-पाच जन्मांत एक असतात, आणि बहुतेक वेळा ती नाळ बोटाने अलगद सोडवता येते. तिच्यावर कथेचा सगळा थरार टांगू नकोस. 'आई किंवा बाळ, दोघांपैकी एकालाच वाचवता येईल' हे वाक्य मी सिनेमात असंख्य वेळा ऐकले, नोकरीत एकदाही नाही. नुकते जन्मलेले मूल टपोऱ्या डोळ्यांनी बापाकडे बघत हसत नाही. त्याच्या अंगावर पांढरा चिकट थर असतो, डोके दबून लांबट झालेले असते आणि तळहात-तळपाय निळसर असतात.

आता मृत्यूविषयी. पहिल्या खर्ड्यात सून दगावत होती आणि 'फिल्मी' वाटले म्हणून तू ते काढून टाकलेस, असे तू लिहिले आहेस. मृत्यू फिल्मी नव्हता, त्याला कारण नव्हते म्हणून तो फिल्मी झाला. जन्ममृत्यूंच्या सरकारी नमुना नोंदणी पाहणीनुसार महाराष्ट्रात दर लाख जिवंत जन्मांमागे २००४-०६ या काळात १३० माता दगावत होत्या, २०१८-२० मध्ये ३३. म्हणजे आजच्या काळातल्या कथेत बाई दगावली, तर ती का दगावली हे सांगण्याची जबाबदारी लेखकावर पूर्वीपेक्षा जास्त आहे. थॅडियस आणि मेन या दोन अभ्यासक स्त्रियांनी १९९४ मध्ये तीन उशीर मांडले होते: दवाखान्यात न्यायचे ठरवण्यात झालेला उशीर, पोहोचण्यात झालेला उशीर, आणि पोहोचल्यावर उपचार मिळण्यात झालेला उशीर. निर्णय कोणाच्या हातात होता, गाडी कोणाची होती, पूल पाण्याखाली होता का, रक्ताची पिशवी किती अंतरावर होती, हे सगळे कथेचे साहित्य आहे. आपल्या आदिवासी भागांत गरोदर बाईने काही दिवस आधीच आरोग्य केंद्राजवळ येऊन राहावे म्हणून 'माहेरघर' नावाची योजना आहे. त्या नावाचा सरकारी विनोद आणि सरकारी शहाणपण दोन्ही एखाद्या कथाकाराने ओळखायला हवे.

आणखी एक. आम्हाला ओरडणाऱ्या बाईची धास्ती कधी वाटली नाही. धास्ती वाटे ती बाळ रडल्यानंतर, बाहेर पेढ्यांची भाषा सुरू झालेली असताना, आत गप्प होत गेलेल्या बाईची. रक्तस्राव आवाज करत नाही. बाई फक्त 'थंडी वाजते' म्हणते, ओठ पांढरे पडू लागतात, आणि आपण पोटावर हात ठेवतो तेव्हा गर्भाशय नारळासारखे टणक लागायच्या ऐवजी लुसलुशीत लागते. तुझी कथा ज्या टाह्यावर संपते, त्याच्या पुढचा तास हा आमच्या कामातला सर्वांत जागरूक राहण्याचा तास होता.

डॉ. आनंदीबाई जोशी यांची गोष्ट तुला ठाऊक आहे. चौदाव्या वर्षी त्या आई झाल्या आणि मूल दहा दिवसांत गेले. हा प्रसंग सहसा ठिणगी म्हणून सांगितला जातो, आणि सांगणारा लगेच बोटीकडे आणि अमेरिकेकडे वळतो. चौदा वर्षांच्या त्या शरीराचे काय झाले असेल, तिकडे फारसे कोणी थांबत नाही. त्यांनी स्वतः १८८६ मध्ये पदवीसाठी जो प्रबंध लिहिला तो प्रसूतिशास्त्रावरच होता, हे मला फार बोलके वाटते. आणि हा इतिहास संपला असे समजू नकोस: राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातील २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्के स्त्रियांचे लग्न अठराव्या वर्षाआधी झालेले आढळले.

शेवटी, तुझ्या नवव्या पानानंतरचे. कथा तिथे थांबते, शरीर थांबत नाही. दूध खऱ्या अर्थाने उतरायला दोन-तीन दिवस जातात, टाक्यांमुळे शौचाला बसायची भीती वाटते, अंगावरून जाणे कित्येक आठवडे चालते, आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी कारण नसताना रडू येते, तेव्हा घरचे म्हणतात की एवढे चांगले झाले आणि ही रडते काय. डिंकाचे लाडू आणि शेक-शेगडी हे ज्या घरांत परवडते त्या घरांचे चित्र आहे; बेबी कांबळे यांनी 'जिणं आमुचं'मध्ये बाळंतिणीची भूक लिहिली आहे, ती वाच. राणी आणि अभय बंग यांनी गडचिरोलीतील दोन खेड्यांत ६५० स्त्रियांची तपासणी केली, तिचे निष्कर्ष १९८९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. त्यांतील ९२ टक्के स्त्रियांना एक ना एक स्त्रीरोग होते, आणि आधी कधी अशी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. आपल्या कथाकादंबऱ्यांतल्या किती नायिकांची कंबर दुखते, अंगावरून पांढरे जाते, वाकताना पिशवी खाली सरकल्यासारखी वाटते? मी तरी फार थोड्या वाचल्या.

पुन्हा लिहिण्याआधी तुझ्या गावच्या आशाताईंना भेट आणि त्यांच्यामार्फत दोन-तीन बाळंतिणींशी, त्यांची तयारी असेल तरच, बोल. 'किती दुखले' असे विचारू नकोस. त्याचे उत्तर सगळ्या सारखेच देतात. 'घरून कधी निघालात?' एवढे विचार आणि गप्प राहा. बाई निघण्यापासून सांगू लागते: जीप कोणाची, थोरल्याला कोणाकडे ठेवले, वाटेत गाडी कुठे थांबवायला लावली, पिशवीत काय भरायचे राहिले.

हस्तलिखित सोबत परत पाठवत आहे. इतर पानांवर पेन्सिलीच्या खुणा आहेत, सात ते नऊ या पानांवर काहीच खूण केलेली नाही, कारण ती तुला मुळापासून लिहावी लागणार आहेत. दिवाळीपर्यंत मी गावीच आहे. सुनेचे नाव ठरले की कळव.

तुझी हितचिंतक,
सिस्टर