डेबियनवर कोडिंग सुरू करतोयस? आधी एवढंच कर

घाबरू नकोस रे, सुरुवातीला सगळेच अडकतात. डेबियन १२ (लिनक्सचा एक प्रकार) टाकलंयस ना, मग जीसीसीचा, म्हणजे सी कोडपासून चालणारा प्रोग्राम बनवणाऱ्या कंपायलरचा, सोर्स कोड उतरवून स्वतः कंपाइल करत बसू नकोस, बिल्ड-इसेन्शियल (build-essential) हे एकच पॅकेज टाक, जीसीसी, जी प्लस प्लस (सी++ चा कंपायलर), मेक (बिल्डची कामं क्रमाने करणारं साधन) सगळं एका फटक्यात येतं आणि त्याच रिलीजच्या (डेबियनच्या त्याच आवृत्तीच्या) लायब्ररींशी, म्हणजे तयार कोडच्या संग्रहांशी, जुळलेलं असतं, हे फार मोलाचं आहे.

दोन चुका टाळ:
- सिस्टिमचं पायथन ३.११ काढू नकोस, बरीच पॅकेजेस त्यावरच चालतात. पिपने (पायथनची पॅकेजेस टाकणारं साधन) अडवलं तर जबरदस्ती नको, वेनव्ह (venv, प्रोजेक्टपुरतं वेगळं पायथन) बनव.
- व्हर्जन जुनं वाटलं म्हणून दुसऱ्या रिलीजची रेपो (पॅकेजेसचा ऑनलाइन साठा) जोडू नकोस, माझी अख्खी सिस्टिम त्यातच मोडली होती.

क्रॉस-कंपायलर (दुसऱ्या प्रकारच्या मशीनसाठी प्रोग्राम बनवणारा) वगैरे नंतर बघू. आज छोटा सी प्रोग्राम चालव, अडलास तर एरर जसाच्या तसा पाठव.