धीर द्यायला नको, रांगेत उभं राहायला या

प्रश्न : मी ५९ वर्षांची, गेल्या वर्षी शाळेतून निवृत्त झाले. जुळे सोलापुरात राहते. ओळखीतल्या काही जणी कॅन्सर पेशंटना मदत करणारा आणि वस्त्यांमधून जागृती करणारा गट चालवतात. त्यात नाव द्यावंसं वाटतं. पण मला ना डॉक्टरकीतलं काही कळतं, ना घरात कुणाला हा आजार झालाय. मिस्टर म्हणतात, ‘दुसऱ्याचं दुखणं घरी घेऊन येशील. आणि तिथं जाऊन बोलणार काय?’
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : ताई, मिस्टरांचा दुसरा प्रश्न आधी घेते. फार काही बोलायचं नसतं. माझी सगळी नोकरी वॉर्डात सिस्टर म्हणून गेली, आता अशाच एका गटात जाते. पेशंटला बोलणारी माणसं कधीच कमी पडत नाहीत. ‘आमच्या मेव्हण्याला डॉक्टरांनी जवाब दिला होता, आता बघा कसा ठणठणीत’, ‘साखर तेवढी बंद करा’, ‘अमक्या गावचा काढा घ्या’. येईल तो सांगून जातो. सकाळी केसपेपरच्या रांगेत उभं राहणारं माणूस मात्र मिळत नाही. मुलगा लूमवर असतो, त्यानं खाडा केला की त्या दिवसाची मजुरी गेली.

आणि कागद! महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कॅन्सरची ऑपरेशनं, केमो, रेडिएशन बसतात. योजनेतल्या दवाखान्यात आरोग्यमित्राचं टेबल असतं, तिथं रेशनकार्ड आणि आधार दाखवायचं. नेमकं तिथंच अडतं. एका कार्डावर लक्ष्मी, दुसऱ्यावर लक्ष्मीबाई, तिसऱ्यावर माहेरचं आडनाव. शाळेच्या जनरल रजिस्टरमधल्या नावांच्या भानगडी जन्मभर निस्तरलेल्या बाईला हे जमणार नाही तर कुणाला जमणार? उपचारासाठी मुंबईला जाणाऱ्यांना रेल्वेत सवलत मिळते, सोबत जाणाऱ्यालाही. त्यासाठी दवाखान्याचं ठरावीक नमुन्यातलं प्रमाणपत्र लागतं. एवढं वेळेवर सांगितलंत तरी त्या घराचा मोठा खर्च वाचतो.

जागृतीचं काम मात्र वेगळं. शहराच्या पूर्व भागात किंवा कुंभारीच्या गोदूताई वसाहतीत, विडी कामगार बायकांकडं, एकदा गटाबरोबर जाऊन या. मांडीवर सूप, सुपात कापलेली पानं आणि तंबाखू, बाईचे हात चाललेले. तुम्ही पत्रक पुढं केलं तर ती मान वर करणार नाही. हजार बिड्या पुऱ्या व्हायला हव्यात. पत्रक ठेवा पिशवीत आणि शेजारी बसा. तेलुगू बोलणारी कुणी सोबत असली तर उत्तम. बाप्यांसमोर छातीचा विषय काढू नका. आधी तोंडापासून सुरुवात करा, कारण मिशरी घरोघर आहे. ‘तोंडात तीन बोटं उभी जातात का बघ’ म्हटलं की हसत हसत सगळ्याच बघतात. ज्या एकीची जात नाहीत, तिचं हसू थांबतं. तोंड पुरतं न उघडणं ही धोक्याची खूण, म्हणून तिच्याकडं लक्ष ठेवा. दोन-तीन आठवड्यांत न भरलेली तोंडातली जखम, तोंडातला पांढरा किंवा लाल चट्टा, छातीतली न दुखणारी गाठ, पाळी गेल्यावर पुन्हा अंगावरून रक्त जाणं, ही आणखी चार लक्षणं पाठ असली की तुमचं ज्ञान पुरे. दुखत नाही म्हणून काही नाही, हा समज सगळ्यात घातक.

तपासणीनं काय होतं म्हणाल, तर आपल्या बार्शीचंच उदाहरण आहे. तिथल्या नर्गिस दत्त कॅन्सर रुग्णालयानं टाटा मेमोरियलसोबत शेजारच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव, जिल्ह्यात सव्वा लाखाहून जास्त बायकांचा अभ्यास केला. २००९ मध्ये निष्कर्ष आला : एचपीव्ही म्हणजे हा कॅन्सर ज्यामुळं होतो तो विषाणू, त्याची एकदाच तपासणी झालेल्या गटात गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरनं होणारे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. सरकारी कार्यक्रमातही तिशीपुढच्या बायकांची तोंड, स्तन आणि गर्भाशयमुखाची तपासणी आहे. तुमच्या भागातल्या आशाताईंना गाठा, त्यांच्याकडं घरोघरची माहिती असते.

आता दुखणं घरी येण्याचं. येतं थोडं. मिस्टर अगदीच चुकीचं बोलत नाहीत. म्हणून आठवड्यातले दोन अर्धे दिवस ठरवा, तिसरा देऊ नका. एकटीनं कुणाच्या घरी जाऊ नका. पैशाचा शब्द देऊ नका. सगळ्यात अवघड प्रसंग वेगळाच असतो : घरचे दारातच हात जोडतात, ‘आईला सांगितलं नाहीये, तुम्हीही बोलू नका.’ आणि आत आई तुमचा हात धरून विचारते, ‘मला काय झालंय गं?’ खोटं बोलू नका आणि बाँबही टाकू नका. ‘तुम्हाला काय वाटतंय?’ असं विचारा. बहुतेक वेळा तिला माहीत असतं. मग बाहेर येऊन मुलाला सांगा, डॉक्टरांपुढं दोघांनी एकत्र बसा. ते सांगणं डॉक्टरांचं काम, तुमचं नाही.

नाव देण्याआधी गटाला एक विचारून घ्या : शिबिरात संशयित निघालेल्या बायका पुढं दवाखान्यात पोचल्या का, याची वही आहे? बॅनर, फोटो, केळी-बिस्किटं झाली आणि पुढं कुणी विचारलं नाही, अशी शिबिरं मी पुष्कळ पाहिलीत. वही असेल तर बिनधास्त जा. नसेल तरी जा, आणि ती वही तुम्ही घाला. नाव, गल्ली, कुणाच्या फोनवर निरोप द्यायचा, आणि पुढची तारीख.