पासवर्ड बदलूनही स्टीमचं अकाउंट पुन्हा गेलं असेल तर आधी जीमेल बघ

'२४ तासांत व्हेरिफाय करा, नाहीतर अकाउंट बंद' असा स्टीमच्या (कॉम्प्युटर गेम विकत घेऊन खेळायचं ऑनलाइन दुकान) नावाने मेल आला, लिंकवर लॉगिन केलं, नंतर पासवर्ड बदलला तरी दोन दिवसांत अकाउंट परत गेलं, असं लिहिलंयस. वाचून पोटात गोळाच आला. सोलापुरात गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसांत माझं हुबेहूब हेच झालेलं.

खोटी लिंक ओळखायची कशी, ते आता उगाळत नाही. माझ्या मेलमध्ये 'कम्युनिटी'तल्या एका इंग्रजी एमच्या जागी आर आणि एन चिकटवले होते. होम मैदानावरच्या गर्दीत, मोबाइलच्या बारीक अक्षरांत ते काय दिसणार, डोंबल!

माझी घोडचूक वेगळीच. जीमेलला आणि स्टीमला एकच पासवर्ड. मी स्टीमचा बदलला आणि निवांत झालो. चोर जीमेलमध्येच मुक्कामाला होता. त्याने तिथे फिल्टर लावून ठेवलेला: स्टीमचा मेल आला की थेट ट्रॅशमध्ये. स्टीम गार्डचे (लॉगिनच्या वेळची दुसरी तपासणी) कोडही मेलवरच यायचे. ते तो वाचत होता आणि मी 'मेलच येत नाही' म्हणून जिओच्या रेंजला शिव्या देत बसलो.

तेव्हा कॉम्प्युटरवरून जीमेल उघड (मोबाइल अ‍ॅपमध्ये फिल्टर दिसत नाहीत), सेटिंग्जमध्ये फिल्टर आणि फॉरवर्डिंग दोन्ही तपास. अनोळखी असेल ते उडव, जीमेलचा पासवर्ड बदल, मगच स्टीमकडे वळ. तिथे सगळी डिव्हाइसेस लॉगआउट कर, स्टीम गार्ड मोबाइल अ‍ॅपवर घे. स्किन्स (गेममधल्या बंदुकांची वगैरे सजावट) विकत असशील तर स्टीमच्या वेब एपीआय कीचं (दुसऱ्या प्रोग्रामला तुझ्या अकाउंटमध्ये शिरू देणारी चावी) पानही बघ. तू केलेली नसताना तिथे की दिसली तर रद्द कर.

तक्रारीचं म्हणशील तर मी एका कार्यालयात तीन चकरा मारल्या. "गेममधली बंदूक गेली म्हणून अर्ज?" म्हणत साहेब शेजारच्याकडे बघून हसले. अर्ज शेवटपर्यंत घेतलाच नाही. तुझे पैसे कापले गेले असतील तर वाट न बघता १९३० ला (सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाइन) फोन लाव. नसतील तर सायबर क्राइमच्या सरकारी पोर्टलवर घरबसल्या तक्रार कर.

मी काही एक्स्पर्ट नाही, पोळलेला माणूस आहे. आणि तो खोटा मेल रागाच्या भरात डिलीट करू नकोस, मी केला होता. सपोर्टवाले मालकी सिद्ध करायला सांगतील, तेव्हा गेम विकत घेतल्याची जुनी पावतीही शोधून ठेव. फिल्टरमध्ये काय सापडलं ते कळव.